हौशी गोल्फ आणि स्पर्धा: तेराव्या होलनंतर आधी काय संपतं, अंग की डोकं?

टॉवेलगल्ली

सोलापुरात गोल्फ म्हटलं की दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "काय बे, साहेब झालास काय?" आणि दुसरी, "त्यात काय अवघड, चालायचं आणि काठी मारायची." दोन्ही भरपूर ऐकून झाल्यात, तेव्हा इथं पुन्हा नकोत. (तालीमवाले, तुमच्याकडे बघूनच लिहितोय.)

ओळख थोडक्यात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. गोल्फ टॉवेलची ऑर्डर आली, तीन घड्यांचा लांबट तुकडा आणि बॅगेला अडकवायला वर एक कडी, तेव्हा हा खेळ आधी कापडाच्या बाजूनं कळला. पुढं स्वतःच नादी लागलो. आठवडाभर गच्चीवर जाळी बांधून मारतो, जमेल त्या शनिवार-रविवारी पुणं गाठतो. आता महिन्याच्या क्लब स्पर्धांत आणि कंपन्यांच्या स्पर्धांत उतरतो. हँडिकॅप, म्हणजे मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा (पारपेक्षा) साधारण किती जास्त लागतात तो आकडा, १६ च्या आसपास. म्हणजे बरा, पण पेपरात नाव येण्यासारखा नाही.

प्रश्न असा आहे. दोस्तांबरोबर अठरा होल ९० फटक्यांत संपवणारा माणूस स्पर्धेचं कार्ड हातात पडलं की ९८ वर कसा जातो? आणि त्यातलं बहुतेक नुकसान शेवटच्या पाच-सहा होलमध्येच का होतं?

एक हिशेब मांडतो. एक फटका मारायला दोन सेकंदही लागत नाहीत. ९० फटके धरले तरी सगळे मिळून तीन मिनिटं. राउंड चालतो साडेचार तास, स्पर्धेत पाचही. उरलेला सगळा वेळ आपण चालतोय, थांबतोय आणि मनातल्या मनात बडबडतोय. माझं मत, हौशी खेळाडू तयारी करतो तीन मिनिटांची आणि मार खातो उरलेल्या वेळात.

उदाहरण म्हणून तीन फुटांचा पट (भोकाजवळचा हलका, घरंगळता फटका) घ्या. दोस्तांत हा पट कुणी मारतच नाही. "दिला, उचल" म्हणतात, आपण बॉल उचलून पुढं निघतो. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या स्पर्धेत, दिला-बिला काही नसतं, बॉल भोकात पडेपर्यंत होल संपत नाही. मार्कर (आपले फटके लिहिणारा) पेन्सिल काढून उभा. भोकाभोवती आधीच्या गटांच्या बुटांनी गवत दबलेलं. तळहाताला घाम. आणि तेव्हा कळतं की असे पट आपण आयुष्यभर उचलतच आलोय, मारलेत कुठं? पटर मागं नीट जातो, पुढं येताना मनगट मध्येच आवळतं, बॉल कडेवरून अर्धा गिरका घेऊन बाहेर. मग परतीचा दीड फुटाचासुद्धा डोंगराएवढा वाटायला लागतो.

स्पर्धा खेळलेल्यांनी लिहा. दुसरा खेळ असला तरी चालेल.

तालीमवाला

नाव घेतलंच आहे तर येतोच की.

फ्रीस्टाइल कुस्ती म्हणजे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. सहा मिनिटांत माणूस रिकामा होतोय, मॅटवरनं उतरताना पाय आपले राहत नाहीत. तुमचं पाच तासांत तीन मिनिटं काम, तेही तुमच्याच तोंडानं कबूल. मग दमताय कशानं बे?

एक प्रश्न मात्र खरा इचारतो. ती पिशवी कोण उचलतंय?

टॉवेलगल्ली

कॅडी उचलतो, तालीमवाले. नियमानं १४ काठ्या बाळगता येतात, बॉल-पाण्यासकट बॅग सहज दहा-बारा किलोच्या पुढं जाते. चालायचं मात्र स्वतःलाच. १८ होलला आठ ते दहा किलोमीटर होतात, चढ-उतार आणि झाडीत बॉल शोधत भटकणं धरून. बऱ्याच स्पर्धांत मैदानात गाडी वापरायला परवानगी नसते.

मणकेवाली

फिजिओथेरपिस्ट आहे, जुळे सोलापुरात बसते. गोल्फ खेळणारे पेशंट आपल्याकडं कमी, पण जे येतात ते कंबर नाहीतर कोपर धरूनच. हौशी खेळाडूंच्या दुखण्यांत कंबर पहिल्या रांगेत असते.

कारण साधं आहे. कमरेच्या पाच मणक्यांना मिळून जेमतेम १०-१५ अंश फिरता येतं. वळायचं काम खुब्यांचं आणि पाठीच्या वरच्या भागाचं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाचे खुबे आखडलेले, पाठ वरून घट्ट. त्यानं ताकद लावून ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) फिरवला की जे खुबे देत नाहीत ते कंबर देते. एकदा-दोनदा खपून जातं. पण सकाळी सरावाचे पन्नास आणि वर स्पर्धेचे फटके असं झालं की कंबर बिल पाठवते. (तालीमवाले, हा तुमच्या "तीन मिनिटां"चा हिशेब. वेळ कमी आहे, पण प्रत्येक वेळी अंगाची सगळी गती एका बाजूला, एकाच दिशेनं.)

आता सोलापूरकरांची खास अडचण. टॉवेलगल्ली, तुम्ही पुण्याला जाता कसे? हुतात्मा एक्सप्रेसनं गेलात तर पोचेपर्यंत सकाळची टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) उलटून गेलेली असते, म्हणजे गाडीनंच जात असणार. अडीचशे किलोमीटर, चार तास, पाय दुमडलेले. उतरून थेट पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) उभं राहणं म्हणजे दुखापतीला आवतन. शक्यतो आदल्या संध्याकाळी पोचा. नाहीच जमलं तर इंदापूर, भिगवण असे दोन थांबे घ्या आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं चाला. चहा उभ्यानं प्या.

गच्चीवर कशावरून मारता? काँक्रीटवर पातळ मॅट टाकली असेल तर आजच बदला. आयर्न (लोखंडी टोकाची काठी) खाली आपटतं तो हादरा मनगटातून कोपरात जातो. कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात, पण बाहेरच्या बाजूचा टेनिस एल्बोही गोल्फवाल्यांना भरपूर होतो. मूठ जितकी आवळाल तितकं दोन्ही वाढतं, आणि स्पर्धेत मूठ आपोआपच आवळली जाते.

तेराव्या होलचं उत्तर मला वाटतं बरंचसं पाण्यात आहे. राउंडच्या आधी आणि नंतर वजन करून बघा. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी अंगातून गेलं आणि तुम्ही ते भरलं नाही. सत्तर किलोच्या माणसात दीड किलोची घट झाली तर लक्ष ढळायला लागतं, तहान लागलेली असो वा नसो. आपण ४२-४३ अंशात वाढलेली माणसं, "आम्हाला ऊन नवं नाही" ही घमेंड असते. उन्हाची सवय असलेल्या माणसाला घाम लवकर आणि जास्त येतो, तेव्हा पाणी त्यालाच जास्त लागतं.

टॉवेलगल्ली

ताई, मॅट पातळच आहे. वर जुने टॉवेल घालतो.

मणकेवाली

टॉवेल विका, त्यावर आपटू नका.

घोडाअडीच

गोल्फची काठी हातात धरलेली नाही. बुद्धिबळ मात्र शाळेपासून, रेटिंग स्पर्धा खेळतो, म्हणून पाच तास एका जागी बसून डोकं वितळण्याचा अनुभव आहे.

टॉवेलगल्लींचं अर्धं पटतं. डोकं शेवटी संपतं हे खरं, पण ते चुकीच्या ठिकाणी खर्च केल्यामुळे संपतं. साडेचार तास सलग लक्ष लावणं कुणालाच जमत नाही, ग्रँडमास्टरसुद्धा आपली खेळी झाली की उठून फेऱ्या मारतात. तुम्हाला तर चालायची सोय फुकट मिळालीये. प्रश्न एवढाच की चालताना तुम्ही काय करता? मागचा फटका उगाळता, की पुढच्या चार होलची बेरीज करता?

बेरीज जास्त घातक. आमच्याकडं शेवटच्या फेरीआधी "बरोबरी झाली तरी बक्षीस पक्कं" असं ज्यानं मोजलं त्याचं पुढच्या तासाभरात काहीतरी लटकतंच. कारण मोजल्यावर माणूस पटावरची चांगली खेळी शोधत नाही, बक्षीस वाचवणारी शोधतो.

एक कळीचा फरक मला दिसतो. बुद्धिबळात समोर कुणीतरी असतो, त्याच्या चुकीवर आपण तगतो. तुमच्याकडं स्ट्रोक प्लेमध्ये समोर फक्त मैदान, आणि ते दुपारी तीनला थकत नाही. शिवाय आम्ही वेळ खाऊन स्वतःला सावरू शकतो. तुमच्याकडं काय नियम आहे?

कॅन्टोन्मेंट_काका

फौजेतून निवृत्त, आता होटगी रोडला. पोस्टिंग जिथं तिथं मैदान, त्यामुळे या खेळात चार दशकं गेली. हँडिकॅप एके काळी एक आकडी होता, आता गुडघ्यांच्या मर्जीनं चालतो.

घोडाअडीच, नियम सांगतो. आपली पाळी आल्यावर ४० सेकंदांत फटका मारावा अशी नियमपुस्तकाची शिफारस आहे. हरवलेला बॉल शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, २०१९ पासून तीनच. नाही सापडला तर दंडाचा एक फटका घेऊन परत जिथून मारला तिथं जायचं. सगळा गट बघत असताना दोनशे यार्ड उलटं चालून यायचं, याच्याइतकी मनाची परीक्षा या खेळात दुसरी नाही. म्हणून शंका आली की निघण्याआधीच प्रोव्हिजनल (राखीव) बॉल मारून ठेवा.

स्पर्धेत कुणाचा सल्लाही घेता येत नाही. "इथं सहा नंबरची काठी घेऊ की सात?" असं शेजारच्याला विचारलंत की स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटके दंड. विचारायचं फक्त आपल्या कॅडीला. रोज गप्पा मारत खेळणाऱ्या हौशी माणसाला ही शांतता झेपत नाही.

आता टॉवेलगल्लींच्या ९८ बद्दल. तुमचा हँडिकॅप काढतात कसा ते बघा. २०२० साली जागतिक पद्धत आली तेव्हापासून शेवटच्या २० राउंडमधले सगळ्यात चांगले ८ धरतात. उरलेले १२ जमेतच नाहीत. म्हणजे १६ हा आकडा तुमच्या चांगल्या दिवसांचा आहे, रोजचा नव्हे. सामान्य दिवशी तुम्ही त्याहून तीन-चार फटके वरच असणार, आणि त्यात कुणाचा दोष नाही. पण हौशी माणूस पहिल्या टीवर उभा राहतो तो "आज १६ ला खेळायचंच" म्हणून. सहा होलनंतर गणित मागं पडलं की ते फटके भरून काढायला झाडांच्या फटीतून मारायला बघतो. बॉल खोडावर आपटून आणखी आत. तिथं खरं तर वेज (जवळच्या फटक्याची काठी) घ्यायची, आडवा मारून बॉल फेअरवेवर (मधल्या मोकळ्या पट्ट्यावर) आणायचा आणि एक फटका गेला म्हणायचं. माझ्या पाहण्यात हौशी कार्डं धाडसापायी जितकी बिघडली तितकी वाईट स्विंगपायी नाही.

दमण्याबद्दल तालीमवाल्यांसाठी एक माणूस सांगतो. बॉबी जोन्स. पेशानं वकील, आयुष्यभर हौशीच खेळला. १९३० साली एकाच वर्षात ब्रिटन आणि अमेरिकेच्या ओपन आणि अमॅच्युअर अशा चारही स्पर्धा जिंकल्या आणि त्याच वर्षी, वय फक्त २८ असताना, स्पर्धा सोडल्या. स्पर्धेचा ताण त्याला अन्न गोड लागू देत नसे, वजन उतरत असे. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये तर आपला बॉल किंचित हलला असं त्यानं स्वतःहून सांगितलं, पाहिलं कुणीच नव्हतं. एक फटका स्वतःवर लावून घेतला, त्यापायी बरोबरी झाली आणि ती फोडायच्या जादा खेळात, प्लेऑफमध्ये, तो हरला. पंच जवळ नसताना स्वतःचा पंच स्वतःच व्हायचं, आणि ते पाच तास. याला दम लागतो.

तालीमवाला

काका, तुमच्यापुढं काय बोलणार. जोन्सराव खरे पैलवान, मान्य. आमच्यात पाठ टेकली की नाही यावर अजून दोन गावं भांडतात.

पण मणकेवाली ताईंना इचारायचं आहे. खुबे आणि पाठ मोकळी करायला आमच्याकडं बैठका आणि मुद्गल कैक पिढ्या आहेत. मुद्गल खांद्यामागनं फिरवला की वरची पाठ किती सुटते ते फिरवणाऱ्यालाच ठाऊक. हे जिममधल्या रबराच्या पट्ट्यांपेक्षा काय वाईट?

मणकेवाली

अजिबात वाईट नाही. हलका मुद्गल, दोन्ही हातांनी सारखा, सावकाश. गोल्फवाल्याचं अंग एकाच बाजूला वळून वळून असमान होतं, त्यावर हा चांगला उतारा. अट एकच, चाळिशीपुढच्यांनी तालमीतला वजनदार मुद्गल पहिल्या दिवशी उचलू नये. बैठका गुडघे साथ देतील तेवढ्याच. आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी काही नवीन नको, नुसतं चालणं.

लेकीची_माय

वाचते आहे कधीपासून, आज लिहिते. मुलगी पंधरा वर्षांची. दर शनिवार-रविवारी पुण्यात शिकते, ज्युनियर स्पर्धा खेळते. अंगाची मला चिंता नाही, ती दिवसभर चालू शकते. मागच्या स्पर्धेत मात्र एका पार-४ ला (चार फटक्यांत संपायच्या होलला) नऊ फटके झाले, एक बॉल हद्दीबाहेर, एक पाण्यात. पुढचे पाच होल ती रडतच खेळली. पालकांनी लांब थांबायचं असा तिथला नियम, त्यामुळे मी दोरीच्या अलीकडं, पाण्याची बाटली हातात, आणि तोंड बंद. त्या पाच होलमध्ये जे बिघडलं ते नऊपेक्षा जास्त होतं.

टोकियो ऑलिंपिकला गोल्फपटू अदिती अशोकची आई तिची कॅडी होती, ती पोर एका फटक्यानं पदकाला मुकून चौथी आली. त्या माउलीनं त्या चार दिवसांत काय बोललं असेल आणि काय गिळलं असेल, याचाच मी विचार करत असते.

मुलीला काय सांगू? "विसरून जा" म्हटलं की ती माझ्यावरच चिडते.

घोडाअडीच

ताई, विसरून जा म्हटल्यानं कुणी विसरत नाही. आमचे सर हरल्यानंतर डाव लिहिलेला कागद घडी घालून खिशात ठेवायला लावायचे, घरी जाऊन बघू म्हणायचे. विसरायचं नाही, फक्त आत्ता नाही. तिला एक ठरलेली जागा द्या. ग्रीनवरून (भोकाभोवतीच्या बारीक गवतावरून) उतरून पुढच्या टीपर्यंत चालताना हवं तेवढं रडावं, चिडावं. बॉल ठेवायचा टीचा खिळा जमिनीत खोचला की बंद. जे करायचं त्याला हद्द असली की मुलांना जमतं. मोठ्यांचं माहीत नाही.

टॉवेलगल्ली

हे मी स्वतःवरही करून बघणार. माझ्याकडून एक भर घालतो, बॉलच्या मागं उभं राहून काय ते ठरवायचं आणि बॉलजवळ गेल्यावर काहीही ठरवायचं नाही. जवळ गेल्यावर शंका आली तर मागं येऊन पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या होलमध्ये थकल्यावर नेमकं हेच सुटतं, थेट बॉलपाशी जाऊन उभं राहतो आणि तिथं उभ्या-उभ्या दोन मनं होतात.

खाण्याचंही लिहायचं राहिलं. नऊ होलनंतर हाफवेला बटाटेवडे आणि गोड चहा ही आपली सामाजिक प्रथा. अकराव्या होलला डोळे जड. मी आता डबा नेतो. कडक भाकरीचे तुकडे, शेंगाचटणी, केळं, दर दोन-तीन होलला थोडं थोडं. पुणेकर पार्टनर आधी हसतात आणि मग हात पुढं करतात. चटणीचा हात पुसूनच ग्रिप धरायची, एवढं पथ्य. टॉवेलचं एक टोक ओलं, एक कोरडं, इतपत तरी आपल्या धंद्याचं ज्ञान कामी येतं.

मणकेवाली

चटणीतलं मीठ उन्हात उपयोगीच आहे. पण बरोबर पाणी हवं, चहा नव्हे.

तालीमवाला

कधी पुण्याला चाललाय सांगा अण्णा. पिशवी मी उचलतो, बघू तरी तेराव्याला काय होतंय ते. भाकरी मात्र माझ्या वाट्याची धरून आणा.

टॉवेलगल्ली

या की! पण नियम वाचून या. तुम्ही कॅडी म्हणून केलेल्या चुकीचा दंडही मला बसतो. माझा बॉल वाटेत दिसला म्हणून उचलून हातात दिलात तर संपलंच.

लेकीची_माय

घोडाअडीच, धन्यवाद. टीच्या खिळ्याचं तिला सांगितलं, "बघते" म्हणाली, म्हणजे आवडलंय.

काकांना एक शंका. कार्ड भरताना ती इतकी घाबरते की बेरीज तीन-तीन वेळा करत बसते. बेरीज चुकली तर बाद करतात का? आणि नऊ-दहा फटके झाल्यावर होल सोडता येतो का?

कॅन्टोन्मेंट_काका

बेरीज तिनं करायचीच नाही. ते समितीचं काम. तिची जबाबदारी फक्त प्रत्येक होलचा आकडा बरोबर असण्याची. एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहून सही केली तर बाद. जास्त लिहून सही केली तर तोच जास्तीचा आकडा पक्का धरतात. १९६८ च्या मास्टर्समध्ये रॉबेर्तो दि व्हिसेंझोनं सतराव्या होलवर ३ मारले होते, त्याच्या मार्करनं ४ लिहिले आणि यानं न बघता सही केली. ६५ चे ६६ झाले आणि प्लेऑफची संधी गेली. त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता, पंचेचाळिसावा. तेव्हा सही करण्याआधी सावलीत बसून, एक घोट पाणी पिऊन, मार्करबरोबर एकेक होल वाचून जुळवायचा. बेरजेत डोकं घालवू नये.

होल सोडण्याचं स्पर्धेच्या प्रकारावर आहे. साध्या स्ट्रोक प्लेमध्ये सोडता येत नाही, बॉल भोकात घालावाच लागतो. स्टेबलफोर्डमध्ये, म्हणजे दर होलला गुण मोजायच्या प्रकारात, गुण मिळणार नाहीत असं झालं की खुशाल बॉल उचलावा, त्या होलचं शून्य. तिसरा प्रकार नियमपुस्तकात आहे तो मॅक्सिमम स्कोअर. त्यात समिती प्रत्येक होलला वरची मर्यादा ठरवते, उदाहरणार्थ पारच्या दुप्पट, आणि तिथं पोचलं की उचलून पुढं जायचं. नवख्या मुलांच्या स्पर्धांसाठी तो फार बरा. पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरताना आयोजकांना विचारा की प्रकार कुठला आहे. मुलीला ते आदल्या रात्रीच माहीत असू दे, टीवर गेल्यावर नव्हे.